चंचल, स्वमग्न, की दोन्ही?
(बालविकास कक्षाकडून पालक व शिक्षकांसाठी)

आमच्या बाह्यरुग्ण विभागात मुलाला घेऊन येणारे आईवडील बहुधा तीनच तक्रारी सांगतात. मूल एका जागी बसत नाही, हाक मारली तर लक्ष देत नाही आणि इतर मुलांशी त्याचे पटत नाही. मांजरी, शेवाळेवाडी, हडपसर, लोणी काळभोर या परिसरातून येणारे हे पालक परस्परांहून फार निराळे असतात. कोणी पिढ्यान् पिढ्या येथे शेती करणारे, कोणी मराठवाड्यातून कामासाठी आलेले, तर कोणी मगरपट्ट्यातील संगणक कंपन्यांत नोकरी करणारे. तक्रार मात्र सर्वांची तीच असते, आणि तीच तक्रार घेऊन आलेल्या दोन मुलांचे निदान अगदी भिन्न निघू शकते. क्वचित असेही होते की, एकाच मुलात दोन्ही निदाने एकत्र आढळतात. ऑटिझम अर्थात स्वमग्नता, आणि एडीएचडी अर्थात अवधान-न्यूनता व अतिचंचलता, या दोन अवस्थांमधील साम्य व भेद सांगण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

उदाहरणादाखल दोन मुले घेऊ. ही कोणी विशिष्ट मुले नव्हेत. अनेक मुलांच्या हकिकती एकत्र करून ती उभी केली आहेत. दोघेही पाच वर्षांचे. पुणे-दौंड मार्गावरील मांजरी बुद्रुक स्थानकाच्या बाजूने जाताना दोघेही आईचा हात सोडून पळतात. पाहणाऱ्याला दोघांत काहीच फरक दिसत नाही. लोक आईलाच दोन शब्द ऐकवतात.

पहिला मुलगा पळतो, कारण त्याला फुगेवाला दिसला. काल कुत्र्याचे पिल्लू दिसले होते, परवा मित्राची सायकल. मध्ये रस्ता आहे, रूळ आहेत, हे त्याला ठाऊक नसते असे नाही. विचारले तर तो नियम घडाघडा सांगतो. परंतु मनात आलेली ऊर्मी आणि पायांची धाव यांच्यामध्ये जो क्षणभराचा थांबा असावा लागतो, तो त्याच्याजवळ नाही. पकडून आणल्यावर तो आईच्या चेहऱ्याकडे पाहतो, ती रागावली आहे हे ओळखतो, गयावया करतो आणि पाच मिनिटांनी पुन्हा पळतो. दुसरा मुलगा पळतो तो रोज एकाच जागी. त्याला मालगाडीची फिरणारी चाके पाहावयाची असतात. गाडी गेली की तो बोटांची डोळ्यांसमोर विशिष्ट हालचाल करतो व शांत होतो. गाडी आली नाही तर त्याचा आकांत आवरत नाही. आई धापा टाकत मागून आली आहे, घाबरली आहे, हे तिच्या चेहऱ्यावरून वाचणे त्याला अवघड जाते. तिच्यावर त्याची माया नाही असा याचा अर्थ मुळीच नाही. रात्री तिच्या पदराचे टोक हातात असल्याखेरीज त्याला झोप येत नाही.

पहिल्या मुलात एडीएचडीची आणि दुसऱ्यात ऑटिझमची लक्षणे आहेत. सांगण्याचा मुद्दा असा की, मूल काय करते एवढेच पाहून निदान होत नाही. ते तसे का करते, हे शोधावे लागते. आणि एक कारण सापडले म्हणजे दुसरे नाहीच, असेही समजता येत नाही. हे दुसरे वाक्य लिहावयास सोपे असले, तरी वैद्यकशास्त्राला ते मान्य करण्यास बराच काळ लागला.

नावांविषयी थोडेसे

‘ऑटिझम’ हा शब्द स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी प्रौढांच्या मनोविकारासंदर्भात प्रथम वापरला. बालकांच्या एका स्वतंत्र अवस्थेस हे नाव मिळाले ते १९४३ मध्ये. अमेरिकेतील बाल्टिमोर येथील डॉ. लिओ कॅनर यांनी त्या वर्षी अकरा मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढच्याच वर्षी व्हिएन्ना येथे हान्स अ‍ॅस्पर्गर यांनी, उत्तम बोलणाऱ्या परंतु सामाजिक व्यवहार न उमजणाऱ्या मुलांचे वर्णन केले. मराठीत आपण ‘स्वमग्न’ हा शब्द स्वीकारला. शब्द सुंदर आहे, तरी प्रस्तुत लेखकास तो काहीसा दिशाभूल करणारा वाटतो. मूल स्वतःत रमले आहे, ठरवले तर बाहेर येईल, असा ध्वनी त्यातून उमटतो. वस्तुतः यांतील पुष्कळ मुलांना इतरांजवळ यावेसे वाटते. जवळ येण्याची रीत त्यांना उमगत नाही.

अतिचंचल मुलांची गोष्ट याहून जुनी आहे. लंडन येथे १९०२ साली बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी दिलेल्या व्याख्यानांत अशा मुलांचे वर्णन आढळते. त्यांनी त्यास नैतिक नियंत्रणातील उणीव म्हटले होते. पुढे १९५० व १९६० च्या दशकांत ऑटिझमचा दोष मातेच्या शीतल वागणुकीवर लादला गेला. दोन्ही अवस्थांची सुरुवात अशी कोणाला तरी दोषी ठरवण्यापासून झाली. हे दोष केव्हाच खोडून निघाले आहेत. तथापि ‘मुलाला वळण नाही’ आणि ‘आई नोकरी करते, मग असेच होणार’ ही वाक्ये आजही आमच्या कक्षात सासूबाईंकडून, शेजाऱ्यांकडून आणि कधी कधी शिक्षकांकडूनही ऐकावयास मिळतात.

एकाच फाइलवर दोन नावे

अमेरिकन मनोविकार संघटनेच्या निदानपुस्तिकेची चौथी आवृत्ती १९९४ मध्ये निघाली. तीत स्पष्ट नियम होता की, मुलास ऑटिझमच्या गटातील विकार असेल तर एडीएचडीचे वेगळे निदान करू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या त्या वेळच्या वर्गीकरणाचा रोखही साधारण असाच होता. परिणामी डॉक्टरांना दोहोंपैकी एकच नाव निवडावे लागे. २०१३ मध्ये पाचव्या आवृत्तीने ही अट काढून टाकली. २०२२ पासून लागू झालेल्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीतही दोन्ही निदाने एकत्र करता येतात.

मधल्या एकोणीस वर्षांत लहानाच्या मोठ्या झालेल्या मुलांपैकी एक मला विसरता येत नाही. त्या काळात मी अन्यत्र काम करीत होतो. सहा वर्षांचा मुलगा वर्गात फिरतो, वही फाडतो, अशी तक्रार होती. तपासणीच्या खोलीत तो क्षणभरही बसला नाही. मी अतिचंचलतेचे निदान लिहिले, औषध सुरू केले. दोन महिन्यांनी तो बसू लागला, शाळेतील तक्रारी थांबल्या, आणि आम्ही सर्वांनीच सुटकेचा निःश्वास टाकला. चार वर्षांनी, तो दहा वर्षांचा असताना, त्याची धाकटी बहीण सोबत आली होती. ती सहज म्हणाली, “दादा माझ्याशी खेळत नाही. तो फक्त मला एसटीच्या गाड्यांचे नंबर सांगतो.” मग मी पहिल्यापासून विचारावयास आरंभ केला. त्याने कधी बोट दाखवून काही दाखवले होते का? नाही. शेजारच्या मुलांसोबत भातुकलीत, दुकान-दुकान खेळण्यात तो कधी रमला का? नाही. हे प्रश्न मला चार वर्षांपूर्वी विचारता आले असते. मूल बसू लागले म्हणून मी विचारावयाचे थांबलो होतो. संवादाचे शिक्षण सर्वांत परिणामकारक ठरले असते अशी ती चार वर्षे होती, आणि ती परत देता आली नाहीत.

हा केवळ एका डॉक्टराचा प्रमाद नव्हे. अमेरिकेतील राष्ट्रीय पाहणीच्या आधारे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की, ज्या मुलांना आधी एडीएचडीचे निदान मिळाले, त्यांच्या ऑटिझमचे निदान इतर स्वमग्न मुलांच्या तुलनेत सरासरी तीन वर्षे उशिरा झाले. उलट दिशेनेही चूक होते. स्वमग्न मुलाचे लक्ष लागत नाही, तो सतत पळतो, तेव्हा ‘ते त्याच्या ऑटिझममुळेच’ असे म्हणून सोडून दिले जाते. लंडनमधील २००८ च्या एका अभ्यासात १० ते १४ वर्षांच्या ११२ स्वमग्न मुलांपैकी २८ टक्क्यांना एडीएचडीही असल्याचे दिसून आले. इतर अभ्यासांतील प्रमाण याहून बरेच अधिकही आहे.

आपल्या देशातील चित्रही याच दिशेचे आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, देशातील पाच ठिकाणच्या २ ते ९ वर्षे वयाच्या मुलांच्या पाहणीत आपल्या शेजारचा उत्तर गोवा हा जिल्हाही होता. दृष्टी, श्रवण, अपस्मार, बौद्धिक विकास, ऑटिझम, एडीएचडी इत्यादी नऊ विकारांपैकी निदान एक विकार सुमारे आठांपैकी एका मुलात आढळला, आणि अशा मुलांपैकी साधारण पाचांतील एकात एकाहून अधिक विकार होते.

साम्य कोठे, भेद कोठे

हाकेला ओ न देण्यापासून आरंभ करू. येथे पहिली तपासणी कानांची. बेरा किंवा वयानुरूप श्रवणचाचणी झाल्याखेरीज आम्ही पुढे जात नाही, आणि पालकांनीही ती टाळू नये. ‘टीव्हीवरील जाहिरात लागली की धावत येतो, म्हणजे ऐकू येते’ हा पुरावा पुरेसा नाही. श्रवण व्यवस्थित असेल तर मग वय व प्रसंग पाहावेत. चंचल मूल कामात गुंतले असता ऐकत नाही, पण खाऊचे नाव काढले, मामा आल्याचे सांगितले, की वळते. स्वमग्न बालक वर्षाच्या आसपासच नावाला प्रतिसाद देण्यात मागे पडलेले असते, आणि त्याहून महत्त्वाचे असे आणखी एक चिन्ह असते. आजीच्या कडेवरचे मूल चांदोमामाकडे बोट दाखवते आणि लगेच आजीच्या तोंडाकडे पाहते. मला दिसले, तुलाही दिसले ना, असा तो प्रश्न असतो. वस्तू हवी म्हणून नव्हे, तर आनंद वाटून घेण्यासाठी केलेले हे बोट दाखवणे दीड वर्षाच्या मुलात नसेल तर वाट पाहू नये. केवळ एडीएचडी असलेल्या मुलांत ते बहुधा वेळेवर आलेले असते. पाचव्या वर्षी कक्षात आलेल्या मुलाच्या आईलाही आम्ही हा प्रश्न विचारतो, आणि आया हे विसरत नाहीत.

बोलण्याविषयी अधिक सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण येथे गैरसमज पुष्कळ आहेत. घरात मराठी, शेजारी हिंदी, शाळेत इंग्रजी, म्हणून मूल बोलत नाही, असे अनेकदा सांगितले जाते. दोन-तीन भाषा कानांवर पडल्याने ऑटिझम होत नाही, आणि बोलण्यातील लक्षणीय विलंबाचे ते स्पष्टीकरणही नव्हे. एडीएचडी असलेले मूल पुष्कळदा अतिबोलके असते. प्रश्न पुरा होण्यापूर्वी उत्तर देते, विषय सोडून दुसरीकडे उडी मारते, दोन मोठी माणसे बोलत असता मध्ये शिरते. पण ते समोरच्याशी बोलत असते. स्वमग्न मूल उशिरा बोलू लागते किंवा वेगळ्या रीतीने बोलते. त्याला पाणी हवे असेल तर ते “तुला पाणी हवं का?” असे विचारते, कारण पाणी मिळण्याच्या वेळी हेच वाक्य त्याने नेहमी ऐकलेले असते. अलीकडे असेही दिसते की, घरात एकही माणूस इंग्रजी बोलत नसताना मूल मोबाइलवरील गाण्यांतील इंग्रजी वाक्ये हुबेहूब त्याच सुरात म्हणते, आणि भूक लागल्याचे मात्र सांगू शकत नाही. पालकांना आरंभी त्याचे कौतुक वाटते. मोठ्या वयाची, उत्तम शब्दसंपत्ती असलेली मुले शब्दाचा वाच्यार्थच घेतात. “पोटात कावळे ओरडताहेत” असे आजोबा म्हणाले, तेव्हा एक मुलगी घाबरून त्यांच्या पोटाला कान लावून बसली होती.

खेळातील भेद शिक्षकांच्या सहज ध्यानी येऊ शकतो. खो-खोमध्ये चंचल मुलाला नियम पाठ असतो, पण ‘खो’ मिळेपर्यंत तो बसून राहू शकत नाही. त्यामुळे संघ हरतो, मुले चिडतात, आणि उद्या त्याला कोणी घेत नाही. याचे त्याला दुःखही होते. स्वमग्न मूल मैदानाच्या कडेने फेऱ्या मारत राहते. किंवा खेळात घेतलेच तर नियमाचा इतका काटेकोर आग्रह धरते की, ‘लहान मुलाला एक चान्स जास्त’ ही गल्लीतील न लिहिलेली सूट त्याला अन्याय वाटते. दोघांनाही मित्र नाहीत. पहिल्याला मैत्री कशी करावी हे कळते, ती टिकवता येत नाही. दुसऱ्याला तिचे व्याकरणच परके वाटते.

लक्ष लागण्याबाबत पालक म्हणतात, “मोबाइलवर दोन-दोन तास बसतो, मग लक्ष नाही कसे?” एडीएचडीमध्ये लक्ष नसते असे नाही, ते हवे तेथे वळवणे आणि नको तेथून काढून घेणे जमत नाही. क्षणाक्षणाला नवे बक्षीस देणाऱ्या पडद्यावर ते खिळते, पाढ्यांवर टिकत नाही. स्वमग्न मुलाचे लक्ष विलक्षण टिकते, परंतु ठराविक विषयावर. गाड्यांचे नंबर, पंख्यांची पाती, नकाशे. चंचल मुलाला नावीन्य हवे असते, स्वमग्न मुलाला तेच ते. हा भेद फार उपयोगी आहे, आणि त्याची परीक्षा घरबसल्या होते. आषाढी वारीच्या वेळी तुकोबांची पालखी पुण्याहून हडपसरमार्गे लोणी काळभोरकडे जाते, त्या दिवशी सोलापूर रस्त्यावरील वाहतूक वळवलेली असते आणि शाळेची व्हॅन निराळ्या रस्त्याने येते. चंचल मुलाची त्या दिवशी चंगळ होते. गर्दीत हरवणार नाही ना, एवढीच काळजी. स्वमग्न मूल रस्ता बदलला म्हणून तासभर रडते, आणि त्यास हट्ट समजून चोप मिळतो. हट्टात मूल अधूनमधून आपल्याकडे पाहून अंदाज घेते. या आकांतात ते पाहत नाही. गणेशोत्सवातील ढोल-ताशांना दोन्ही हातांनी कान दाबून धरणारे, कुकरच्या शिट्टीने घरभर पळणारे, सदऱ्याच्या शिवणीने बेजार होणारे मूल असेल तर त्याच्या संवेदनांची स्वतंत्र तपासणी व्हावयास हवी.

येथवर वाचून वाचकास वाटेल की भेद स्वच्छ आहे. तसा तो कागदावरच असतो. संवेदनांचा त्रास एडीएचडी असलेल्या काही मुलांनाही होतो. झोप उडणे, हस्ताक्षर बिघडणे, वस्तू हरवणे, कामाची आखणी न जमणे हे दोहोंतही दिसते. मुलींच्या बाबतीत तर दोन्ही निदाने हुकतात. पळापळ न करता खिडकीबाहेर पाहत बसणारी मुलगी वर्गात कोणाला त्रास देत नाही, आणि मैत्रिणींचे हावभाव बारकाईने पाहून नक्कल करणारी स्वमग्न मुलगी ‘लाजाळू’ या एका शब्दात संपून जाते. म्हणून निदान एका बैठकीत, एका यादीवरून करू नये. एडीएचडीसाठी लक्षणे बाराव्या वर्षापूर्वी सुरू झालेली आणि घर व शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसणारी असावी लागतात. ऑटिझमसाठी संवादातील अडचणी आणि पुनरावृत्तीचे किंवा संवेदनांचे वेगळेपण, ही दोन्ही अंगे असावी लागतात. दोन्हींच्या अटी पुऱ्या होत असतील तर दोन्ही नावे लिहावीत.

कारणांविषयी

दोन्ही अवस्थांत आनुवंशिकतेचा वाटा मोठा असून त्यांतील काही अंश सामाईक आहे. एका भावंडास एक आणि दुसऱ्यास दुसरी, असे म्हणूनच पाहावयास मिळते. मुदतपूर्व जन्म व अत्यल्प जन्मवजन यांमुळेही दोहोंचा धोका वाढतो. नवजात अतिदक्षता विभागातून घरी गेलेल्या बाळांची पुढील तपासणी चुकवू नये, हा आग्रह त्याचसाठी आहे.

लसीविषयी स्पष्ट लिहावे लागते. गोवर-रुबेलाची लस बनवणारी सीरम इन्स्टिट्यूट आपल्या याच हडपसर-मांजरी परिसरातील. येथील अनेक घरांतील माणसे तेथे नोकरीस आहेत. तरीही ‘त्या लसीनंतर मूल बोलावयाचे थांबले’ हे वाक्य येथेही ऐकू येते. गोवर, गालगुंड व रुबेला यांच्या एकत्रित लसीचा ऑटिझमशी संबंध जोडणारा लेख १९९८ मध्ये इंग्लंडमध्ये अँड्र्यू वेकफिल्ड यांनी प्रसिद्ध केला. तो २०१० मध्ये नियतकालिकाने मागे घेतला, आणि त्याच वर्षी लेखकाचे नाव वैद्यकीय नोंदणीतून काढण्यात आले. डेन्मार्कमध्ये २००२ आणि २०१९ या वर्षी प्रसिद्ध झालेल्या, प्रत्येकी पाच लाखांहून अधिक मुलांच्या अभ्यासांत असा संबंध आढळला नाही. आपल्याकडे लसीचा दुसरा डोस १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान असतो आणि ऑटिझमची लक्षणे घरच्यांच्या ध्यानात येण्याचे वयही नेमके तेच. मोबाइलमुळेही ऑटिझम होत नाही. मात्र तासन् तास पडद्यासमोर असलेल्या बालकाशी घरातील माणसे बोलतच नाहीत, तो तोटा वेगळा आणि खरा आहे.

निदानाने काय बदलते

कोणी विचारील, नाव काहीही असो, उपचार तर मुलालाच द्यावयाचे आहेत. पण उपचार वेगळे आहेत. एडीएचडीमध्ये पालकांचे प्रशिक्षण, वर्गात पुढच्या बाकावर जागा, कामाचे छोटे तुकडे व ताबडतोब शाबासकी यांचा उपयोग होतो, आणि सहा वर्षांनंतर गरजेनुसार औषधही चांगले काम करते. मिथिलफेनिडेटचा गुण केवळ एडीएचडी असलेल्या मुलांत साधारण सत्तर टक्क्यांना येतो. स्वमग्नतेसह अतिचंचलता असलेल्या ७२ मुलांच्या २००५ च्या अमेरिकी चाचणीत तो सुमारे निम्म्यांनाच आला, आणि पाचांपैकी जवळजवळ एकाला दुष्परिणामांमुळे औषध थांबवावे लागले. म्हणजे दोन्ही असतील तर औषध देऊ नये असे नाही. अल्प मात्रेने आरंभ करून अधिक जपून द्यावे. ऑटिझमच्या मूळ लक्षणांवर औषध नाही. तेथे वाचा-उपचार, व्यवसायोपचार, चित्रांच्या साहाय्याने संवाद, दिवसाचे चित्रमय वेळापत्रक आणि घरच्यांनीच रोज करावयाचा खेळ, हीच वाट आहे. मूलपेशी उपचाराच्या जाहिराती पाहून दागिने गहाण टाकणारे कुटुंब आम्ही पाहिले आहे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ऑटिझमसाठी असा उपचार मान्यताप्राप्त संशोधन-चाचणीबाहेर करता येत नाही. एवढे तरी पालकांनी पैसे भरण्यापूर्वी ध्यानात घ्यावे.

कायद्याच्या दृष्टीने फरक आणखी ठळक आहे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमात ऑटिझमचा समावेश आहे, आणि त्या न्यासाच्या निरामय योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमा संरक्षण मिळते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये मंजूर होऊन एप्रिल २०१७ मध्ये अमलात आला. त्यातील २१ दिव्यांगतांत ऑटिझम आहे, विशिष्ट अध्ययन अक्षमताही आहे, एडीएचडी नाही. आमच्या मते ही उणीव आहे. तोवर इतके करता येते की, एडीएचडी असलेल्या प्रत्येक मुलाची अध्ययन अक्षमतेसाठी चाचणी व्हावी, कारण ती पुष्कळदा सोबत असते आणि तिच्या प्रमाणपत्रावर परीक्षेतील सवलती मिळू शकतात. ज्या मुलाच्या फाइलवर ‘अतिचंचल’ एवढेच लिहिले गेले आणि ऑटिझम लिहिला गेला नाही, त्याचे मात्र हक्काचे सर्वच दरवाजे बंद राहतात. ऑटिझमच्या प्रमाणपत्रासाठी सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने तयार केलेली चाळीस मुद्द्यांची भारतीय मोजपट्टी वापरली जाते. तीत सत्तरपेक्षा कमी गुण आल्यास ऑटिझम नाही असे धरतात. अंगणवाडी व शासकीय शाळांतील मुलांची तपासणी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात होते. हा कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यातील पालघर येथून सुरू झाला. अंगणवाडीताईंनी चिठ्ठी दिली तर ती ‘आमच्या मुलाला वेडा ठरवतात’ म्हणून फाडून टाकू नये, एवढी विनंती.

येताना काय आणावे

तपासणीस येताना मुलाला नवे कपडे घालून, दोन दिवस आधीपासून ‘डॉक्टरांसमोर नीट वाग’ असे बजावून आणण्याची गरज नाही. त्याऐवजी साध्या वहीत पंधरा दिवसांची नोंद आणावी. मूल कोणत्या वेळी पळाले, त्याआधी काय घडले होते, कशाने शांत झाले. शाळेची वही, शिक्षकांचे दोन ओळींचे पत्र, जन्माच्या वेळची कागदपत्रे व श्रवणचाचणीचा अहवाल सोबत असावा. घरी, अंगणात, इतर मुलांत असतानाचे मोबाइलवरील दोन-तीन मिनिटांचे चित्रीकरण आम्हाला तपासणीच्या खोलीतील अर्ध्या तासापेक्षा अधिक सांगते. जमल्यास आजी किंवा भावंडास बरोबर आणावे. आम्ही त्यांनाही प्रश्न विचारतो.